शेजारच्या सीटचा प्रश्न

ग्रंथपालाने त्या पोस्टकार्डाला उत्तर दिलंच नाही. खिशात राहून राहून कार्ड मऊ पडलं, तरी नाही.

कार्ड गॅरेजमधून आलं होतं. तिथल्या ठोकाठोकीत फोनवर काही ऐकू येत नसे, म्हणून मालकीण गिऱ्हाइकांना कार्डंच टाकायची. तिला सगळे उस्ताद म्हणत.

पहिली भेट आठवली की त्याचे कान अजून तापत. एका ट्रकखालून दोन बूट बाहेर डोकावत होते. तो बुटांना म्हणाला, "अहो दादा, जरा..."

बूट सरकत बाहेर आले. मागोमाग एक वेणी, आणि गालाला ग्रीस लागलेला, हसू दाबणारा चेहरा.

"दादा नाही. बोला."

"म्हणजे... ताई—"

"तेही नको हं!"

त्याची जुनी पिकअप म्हणजे फिरतं वाचनालय. रूपाने देखणी, पण मागून अशी उंच की मागचा फाळका त्याच्या आत्याच्या हनुवटीला लागे. पुस्तक निवडताना बिचारी टाचा उंचावून दमायची. म्हणून मागची बाजू खाली घ्यायची होती.

"मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा बाक कमी करते," उस्ताद म्हणाली. "पण किती, ते वजनावर ठरेल. नाहीतर पुस्तकं भरली की बसकण मारेल गाडी. वजन कळवा, पुस्तकवाले."

गाडी तिथेच ठेवून त्याने स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकूण एक पुस्तक तोललं आणि वजन कळवलं. त्यावर तिचं हे कार्ड आलं: 'वजन मिळालं. पाटे उतरवलेत. आता एवढंच सांगा, पुढे तुमच्या शेजारी कोणी बसतं का?'

ग्रंथपालाने गाडीचं माहितीपुस्तक उघडलं. पुन्हा पुन्हा वाचलं. पुढच्या सीटवरचा भार बहुतेक पुढच्या चाकांवरच जातो. मागच्या पाट्यांना त्याचं सोयरसुतक नाही. म्हणजे उस्ताद चुकली होती! पण इतक्या हुशार बाईला तिची चूक दाखवायची कशी? तो गप्प बसला. वाचक कुरकुरू लागले, तरी गप्प.

"घोडं पेंड कुठे खातंय रे?" शेवटी आत्याने विचारलं. त्याने कार्ड दाखवलं, चूक समजावून सांगितली. आत्याने चष्मा काढला.

"अरे ठोंब्या, जिचा जन्म गाड्या खोलण्यात गेला, तिला हे ठाऊक नसेल?"

"मग विचारलं कशाला?"

"एवढी पुस्तकं वाचलीस, आणि हेही मीच सांगू?"

तो मटकन स्टुलावर बसला.

"बसतोस काय! उत्तर आलं नाही, म्हणजे शेजारी बसणारी आहे कुणीतरी, असंच धरून बसली असेल ती." आत्याने एक कोरं कार्ड त्याच्या हातात कोंबलं.

तो घरातल्या सपाता घालूनच धावला.

पिकअप चाकांवर उभी होती. मागची बाजू बेतानं खाली आलेली, जणू लाजून बसलेली.

"झालं... काम?"

"कधीचंच." उस्ताद आधीच लख्ख असलेला पाना पुसत होती. "उत्तराची वाट कोण बघत बसणार? गाडी घेऊन जा. शेजारी कोणी का बसेना, मला काय करायचंय?"

त्याने धीर गोळा केला. तोंड उघडलं.

"मागच्या पाट्यांना त्यानं फरक पडत नाही."

सांगायचं होतं काय आणि बाहेर पडलं काय! पाना थांबला.

"ठाऊक आहे मला."

"तुम्हाला ठाऊक आहे, हे मला... आत्ताच कळलं."

त्याने बॉनेटवर कार्ड ठेवलं आणि लिहिलं: 'कोणी बसत नाही. तुम्ही बसाल?' पत्ता घातला आणि तडक फाटकाबाहेरच्या लाल पत्रपेटीकडे निघाला.

"अहो!" ती मागून धावली. "मी इथे आहे की! हातात द्या."

"हातात... नाही जमणार."

"मग उद्यापर्यंत मी काय करू?"

त्याने मान खाली घातली. कान लालभडक.

ती त्या कानांकडे बघत राहिली. मग तिने गाडीची चावी स्वतःच्या खिशात टाकली.

"बरं. मग गाडीही उद्याच, टपाल आल्यावर. आणि पहिली चक्कर मारताना मी शेजारी बसणार. गाडी तपासायला नको?"

"पण मागच्या पाट्यांना—"

"टाका हो ते कार्ड!"

त्याने टाकलं.