‘लाइक्ड’चा काळ कोणता?

ती जिना चढून वर आली तेव्हा इंग्रजीचा तास सुरू झाला होता. रिकामी खुर्ची एकच होती, आणि तिच्यावर पिवळं हेल्मेट ठेवलेलं.

“एक्स्क्यूज मी...”

शेजारच्या तरुणाने दचकून हेल्मेट उचललं, मांडीवर घेतलं. तिथून ते निसटलं आणि गडगडत थेट बाईंच्या पायाशी जाऊन थांबलं. वर्ग हसला. बाईंनी आधी हेल्मेटकडे पाहिलं, मग या दोघांकडे.

“छान. जोडी ठरली!” बाई म्हणाल्या. ती कानापर्यंत लाल झाली. “सरावाची हो! आजपासून एकमेकांशी फक्त इंग्रजीत बोलायचं. वर्गात, जिन्यात, रस्त्यात, कुठंही.”

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. काचा घासून फ्रेममध्ये बसवायची; कानामागची दांडी किती वाकवायची ते तिच्या बोटांनाच कळायचं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. तो तिला ‘स्पेक्स मॅडम’ म्हणू लागला, ती त्याला ‘मिस्टर लिफ्ट’. आणि तेच चिकटलं.

तिचं इंग्रजी बरं होतं. त्याचं नुसतंच धाडसी होतं.

“यस्टरडे आय गो टु हॉस्पिटल,” तो एकदा म्हणाला.

“आय वेंट,” तिने दुरुस्त केलं.

“यू आल्सो? विच लिफ्ट?”

ती इतकी हसली की तिला जिन्याच्या कठड्याला धरावं लागलं. त्या इमारतीला लिफ्ट होती. पण तास सुटल्यावर तो लिफ्टकडे वळायचाच नाही. “आय नो धिस लिफ्ट,” तो गंभीरपणे म्हणायचा, “सो... स्टेअर्स.” लिफ्टने अर्ध्या मिनिटात खाली पोचलं असतं. जिन्याने मात्र मजल्यामजल्यावर थांबता येई, एखादा शब्द अडे, तो कपाळाला हात लावी, आणि त्याच्या बाहीचा ग्रीसचा वास तिला हल्ली का कोण जाणे बरा वाटू लागला होता.

भूतकाळ शिकवताना बाईंनी बजावून सांगितलं होतं, “‘आय लिव्ह्ड हिअर’ म्हणजे राहत होतो, आता नाही. संपलं. ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर’ म्हणजे अजून मुक्काम इथंच असू शकतो. एवढ्याशा ‘हॅव’वर माणसाचं घर राहतं किंवा जातं.”

तिला ते फारच पटलं होतं. जरा जास्तच.

एका संध्याकाळी तो दुसऱ्या मजल्यावर थांबला. हेल्मेट या हातातून त्या हातात गेलं.

“कंपनी गिव्ह मी ट्रेनिंग. अदर सिटी. सिक्स मंथ्स.” त्याने हेल्मेटचा पट्टा ओढला. “अँड... आय लाइक्ड यू. सो... टेल मी. आय गो, ऑर आय स्टे?”

लाइक्ड!

तिच्या डोक्यात तेवढाच शब्द अडकला. त्याने क्रियापदाला शेपूट बरोबर लावलं होतं, आयुष्यात पहिल्यांदाच. म्हणजे घोकून आला असणार, ठरवून. आवडत होतीस, आता नाही. संपलं. मग थांबू का, असं विचारायचं तरी कशाला?

“गो,” ती म्हणाली.

“गो?”

“यस. गो.”

त्याने मान डोलावली, हेल्मेट डोक्यावर घातलं आणि एकटाच लिफ्टने खाली गेला.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. आवडत होते, तर कधीपर्यंत? ‘विच लिफ्ट’वर हसले तेव्हा संपलं का? की त्याच्या आधीच? आपण ‘गो’ म्हणालो तेव्हा त्याचा चेहरा पडला तो कशाने? ज्याचं संपलंय त्याचा चेहरा पडतो का?

सकाळी दुकानाचे मालक, काका, एक चष्मा उजेडात धरून उभे होते. “अगं पोरी, डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवलीस! हा माणूस बाहेर पडून खांबाची माफी मागेल. लक्ष कुठाय तुझं?”

“भूतकाळात,” ती पुटपुटली.

तेवढ्यात आरशापुढे बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी सातवी की आठवी फ्रेम नाकावर चढवली. मान इकडे केली, तिकडे केली.

“ही आवडली हो मला!”

“आवडली ना?” काका खुलले. “मग डबीत घालून देतो.”

“डबीत कशाला? घालूनच जाते. तुम्ही काचा बसवून द्या, मी बसते इथं.”

तिच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिला. आवडली. भूतकाळ. शुद्ध, साधा भूतकाळ... आणि बाई तर फ्रेम सोडायला तयार नाहीत!

“काका, ‘आवडली’ म्हणजे... अजून आवडते?”

“न आवडता चिकटून बसल्यात का त्या? काय विचारतेस हे!”

“काका, मी आलेच!”

“आलीस कुठं? निघालीस की!” काका मागून ओरडले.

समोरच्या बँकेची लिफ्ट आठवडाभर बंद होती आणि तो तिथंच काम करत होता. तळमजल्यावर लिफ्टचं दार सताड उघडं, आत अंधार, खाली बॅटरीचा उजेड हलत होता. ती काठाशी गुडघ्यांवर बसली.

“अहो!”

“हू इज?” खालून आवाज आला.

“मी. चष्मेवाली.”

“इंग्लिश, प्लीज.”

“खड्ड्यात गेलं इंग्लिश!”

“खड्ड्यात मी आहे,” तो मराठीत म्हणाला. त्याचा मराठी आवाज तिने आज पहिल्यांदाच ऐकला. केवढा मऊ होता!

“काल जिन्यात जे बोललात, ते मराठीत सांगा.”

पाना खाली पडल्याचा आवाज झाला. मग बॅटरीचा उजेड वर तिच्याकडे वळला.

“तुम्ही... मला आवडलात.”

“आणि आता?”

“आता काय?” तो गोंधळला. “आवडलात म्हणजे आवडलात. आवडून संपतं का कुठं?”

ती हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. “मग ट्रेनिंगचं?”

“सकाळीच होकार कळवला.” तो वर चढून आला, हनुवटीला ग्रीस लागलेलं. “तुम्हीच ‘गो’ म्हणालात ना. आता माघार घेतली तर नोकरीच जाईल.”

यावर आनंद करावा की रडावं, हे दोघांनाही कळेना. बँकेच्या शिपायाने लिफ्ट कधी सुरू होणार म्हणून विचारलं, तेव्हा दोघांनी एकदमच “माहीत नाही” सांगितलं.

रविवारी ती बस-स्टँडवर गेली. इंग्रजी कुणालाच सुचलं नाही, मराठीही जेमतेमच. बसचं इंजिन सुरू झालं. तो खिडकीतून वाकला.

“येतो,” तो म्हणाला.

निघताना सगळेच म्हणतात तसं. पण आज तिने तो शब्द नीट ऐकला.

“ये,” ती म्हणाली.

बस हलली. त्याने अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं. “‘ये’ की ‘या’? काय म्हणालात?”

“ये!” ती धुरातून, हॉर्नमधून, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशी ओरडली. “ये म्हणाले! ये!”