डेडस्टॉकातली चिंच

सावली पडते एका पॅनेलवर आणि झोपते अख्खी ओळ, असं का?

हा प्रश्न सहावीतल्या केतकीला पडला, तो पौषातल्या एका सकाळी, नांदवळच्या शाळेच्या गच्चीवर. गच्चीवर जायला पोरांना मनाई होती. पण त्या दिवशी फळ्याशेजारी एक नोटीस लागली होती आणि ती वाचल्यावर केतकी कुणाचं ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती. 'आग्नेय कोपऱ्यातील चिंचेची सावली सौर पॅनेलवर पडत आहे. वीज खरेदी करार, कलम चौदा. आठ दिवसांत झाड काढावे.'

ती चिंच केतकीच्या आईच्या वर्गाने लावली होती. आई सध्या चंद्रावरच्या तळावर होती. तिथे बंद काचघरात भाजी पिकवायचं काम होतं आणि परत यायला अजून सव्वा वर्ष होतं. दर रविवारी बोलणं व्हायचं आणि शेवटी आई हमखास विचारायची, "चिंचा गाभुळल्या का गं?" येत्या रविवारी तिला काय सांगायचं?

गच्चीवर पुशा होता. पुशा म्हणजे कंपनीचा यंत्रमानव. पॅनेल पुसायची आणि तपासायची हे त्याचं काम, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलं होतं. त्याचं खरं नाव बारा आकडी होतं आणि ते त्याच्याखेरीज कुणालाच पाठ नव्हतं.

"नोटीस तू लावलीस?" केतकीने विचारलं.

"सावली मी मोजली. नोटीस कार्यालयाने पाठवली," पुशा म्हणाला. "सकाळी साडेनऊपर्यंत एका पॅनेलवर सावली असते. त्यामुळे बारा पॅनेलची पूर्ण ओळ मंदावते."

"एकावर सावली, तर बाकीची अकरा का मंदावतात? त्यांच्यावर तर ऊन आहे की."

पुशाने थोडा विचार केला. लहान मुलांना समजावताना तो नेहमी दोन सेकंद जास्त घेत असे. "गेल्या वर्षी टाकी बिघडली, तेव्हा तुम्ही विहिरीपासून बागेपर्यंत रांग लावून बादल्या दिल्या होत्या. आठवतं? मधला एक मुलगा पेंगत होता."

"बंड्या."

"बंड्यापाशी बादली अडायची, म्हणून पुढच्यांचे हात रिकामे आणि मागच्यांचे अडकलेले. ही बारा पॅनेल एकसर जोडलेली आहेत (एकाचं टोक दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला). सगळ्यांमधून एकच प्रवाह जातो. सावलीतलं पॅनेल जेवढा प्रवाह पुढे जाऊ देईल, तेवढाच बाकीच्यांच्या वाट्याला. अडलेल्या पॅनेलला वळसा घालणारा एक छोटा भाग असतो (डायोड), पण या जुन्या पॅनेलमधला तो बाद झाला आहे."

म्हणजे सावली खरी होती आणि तोटाही खरा होता. पुशा खोटं बोलत नव्हता, हेच केतकीला जास्त लागलं. शाळा सुटताच ती तडक आबांकडे गेली.

आबा म्हणजे तिच्या आईचे वडील, वकील विश्वंभर साळुंखे. उमेदीच्या काळात ते गावोगाव फिरून शाळांना आणि ग्रामपंचायतींना सौर करार फुकट वाचून देत. आता कोर्ट सुटलं होतं, पण वाचायची सवय सुटली नव्हती. औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूरही ते पहिल्या अक्षरापासून वाचत.

"आबा, छप्पर आपलं, ऊन फुकटचं, मग कंपनीचं एवढं काय चालतं?"

"कारण पॅनेल त्यांची आहेत, बाळ. असं समज, शेजाऱ्याने आपली म्हैस तुझ्या गोठ्यात बांधली. म्हैस त्याची, दुखलंखुपलं त्यानेच बघायचं. तू फक्त रोजचं दूध घ्यायचंस, ठरलेल्या भावाने, पंचवीस वर्षं. यालाच वीज खरेदी करार म्हणायचं (वीज बनवणारा आणि वापरणारा यांनी एकमेकांना दिलेला लेखी शब्द). शाळेला म्हैस विकत घ्यायची ऐपत नव्हती, पण दूध मिळालं. आणि पंचवीस वर्षं झाली की म्हैस शाळेची."

"आणि कलम चौदा?"

"म्हशीची वैरण अडवायची नाही. तिची वैरण म्हणजे ऊन. ती अट रास्तच आहे गं."

केतकीचा चेहरा पडला. आबांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांचा आवाज मऊ झाला.

"एकवीस वर्षं झाली सह्यांना. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरली होती. मी म्हटलं, प्रत्येक कलम मोठ्याने वाचणार. तीन तास वाचलं. दोनदा चहा झाला. सरपंच म्हणाले, वकीलसाहेब, सूर्य मावळायच्या आत तरी सह्या होऊ द्या. सगळे हसले. तेव्हा हसणारी माणसंही किती होती गं व्हरांड्यात. आता निम्मीसुद्धा उरली नाहीत."

मग ते एकदम ताठ बसले. "थांब. मी एक वाक्य घालायला लावलं होतं. कलम चौदाच्याच पोटात."

कपाटातून पिवळा पडलेला करार निघाला. आबांनी बोट ठेवलं, केतकीने वाचलं: 'सह्यांच्या दिवशी शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरात नोंद असलेली कोणतीही वस्तू कंपनी हलवणार नाही. तिची अडचण झाल्यास पॅनेल हलवावे.'

डेडस्टॉक रजिस्टर म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाची नोंदवही. बाकं, कपाटं, घंटा.

"पण आबा, झाड कोण लिहील त्यात?"

"तेच बघायला हवं," आबा म्हणाले आणि काठी घेऊन उठले.

त्यांना आठवत होतं ते असं. दहावीचा वर्ग जाताना शाळेला वस्तू देतो, ही नांदवळची जुनी रीत. कुणी घड्याळ दिलं, कुणी पंखा, त्यावर 'सप्रेम भेट' असं रंगवून. आईच्या वर्षी दुष्काळ होता. पोरांनी चिंचेचं रोप दिलं आणि पाटीवर 'सप्रेम भेट' लिहून शेजारी रोवलं. गाव पोट धरून हसलं. आई घरी येऊन रडली होती. एकटे लिपिक माने भाऊसाहेब हसले नव्हते. भेट ती भेट, म्हणाले होते, आणि पावती फाडून दिली होती.

दुसऱ्या दिवशी आबांच्या निरोपावरून कंपनीच्या अभियंता मुजावर मॅडम पुशाला घेऊन आल्या. मुख्याध्यापकांच्या खोलीत जुनं रजिस्टर उघडलं. माने भाऊसाहेबांचं टपोरं अक्षर. भेटवस्तूंच्या पानावर, सह्यांच्या आदल्या महिन्यात, नोंद होती: 'चिंच, नग एक, उंची दीड हात.'

केतकीने सुटकेचा निःश्वास सोडला. पण मॅडम मान हलवत म्हणाल्या, "नोंद आहे, मान्य. पण दीड हाताच्या रोपाची आहे. हे झाड तीस हातांचं. मी वरिष्ठांना काय सांगू?"

प्रश्न चोख होता आणि चोख प्रश्नाचा आबा आदर करत. केतकी मात्र ओळीवरून बोट सरकवत राहिली. आबांनीच शिकवलं होतं, कागद शेवटच्या रकान्यापर्यंत वाचायचा. शेवटचा रकाना 'शेरा' होता. घड्याळापुढे 'बंद' लिहिलं होतं. पंख्यापुढे 'आवाज करतो'. आणि चिंचेपुढे...

"वाढत आहे," केतकीने वाचलं. "आबा, भाऊसाहेबांनी 'वाढत आहे' असं लिहिलंय."

मुजावर मॅडमनी ते पान स्वतःकडे ओढून पुन्हा वाचलं. "म्हणजे वाढणार हे लिहूनच दिलं होतं," त्या म्हणाल्या. "आणि आम्ही त्यावर सही केली." मग पुशाकडे वळल्या. "सायकलस्टँडवर ऊन कसं आहे?"

"दिवसभर उत्तम," पुशा म्हणाला. "एक पॅनेल तिथे हलवल्यास ओळ पूर्ण जागी होईल. आणि वळशाचा भाग बदलणं हे कंपनीचंच काम आहे."

आबांनी चष्मा पुन्हा पुसला, पण या वेळी काच स्वच्छच होती. "माने," ते हळूच म्हणाले, "तुम्ही हसला नाहीत, बरं केलंत."

केतकी हिशेबात गढली होती. चार वर्षांनी करार संपेल, तेव्हा पॅनेल शाळेची होतील. तेव्हा ती दहावीत असेल. आपल्या वर्गाने काय द्यावं, याची यादी तिच्या डोक्यात आत्ताच सुरू झाली होती.

मुख्याध्यापकांनी तिच्या हाती पेन दिलं. एकवीस वर्षांत त्या नोंदीपुढे कुणी नवा शेरा लिहिला नव्हता. केतकीने तारीख घातली, जरा थांबली, आणि भाऊसाहेबांच्या अक्षराखाली आपल्या अक्षरात लिहिलं: 'अजून वाढत आहे. चिंचा गाभुळल्या आहेत. आईला कळवणे.'