मोगी हजर

"मन्ही पोर कोठे शे, तेवढं सांगा!"

फोनवरची बाई पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती. केंद्रप्रमुख शीला वळवी यांनी गाव विचारलं आणि हातातला चहा तसाच ठेवून स्कूटी काढली.

करंजवदच्या जिल्हा परिषद शाळेच्या पायरीवर धनुबाई बसली होती. पायाला फडकं बांधलेलं, शेजारी बोचकं. उसाच्या फडावर पायाला कोयता लागला म्हणून मुकादमाने तिला महिनाभर आधीच परत पाठवलं होतं. सकाळच्या बसने ती बारडोलीकडून आली, तर घरात फक्त म्हातारी सासू. सातवीत शिकणारी बारा वर्षांची मोगी नव्हती.

शाळेच्या भिंतीवर शीलाचा नंबर रंगवलेला होता. सातवीच्या पोरींनी तो लावून दिला होता.

शीला शेजारी टेकली आणि भिली बोलीत बोलू लागली. धनुबाईचा आवाज जरा सैल झाला.

"सासू काय म्हणते?"

"दोन आठवड्यांमागे रविवारी गाडी आली. माणूस म्हणाला, शाळेच्या बाईंनी पाठवलंय, पोरीला शिबिराला न्यायचंय. म्हातारीला मोतीबिंदू. तोंड दिसलं नाही."

शाळेत बाई एकच. स्वप्नाली.

"मी कुणालाच पाठवलं नाही, मॅडम!" स्वप्नालीचा चेहरा उतरला. "शिबिरच नव्हतं. मी पहिली ते चौथीला शिकवते. मोगी सरांच्या वर्गात."

मुख्याध्यापक हेमकांत पाटलांनी टॅब्लेट पुढे केला. नव्या योजनेत हजेरी चेहऱ्यावरून लागत असे. ओट्यावरच्या स्टँडला टॅब्लेट, मुलांनी एकेक करून समोर उभं राहायचं. मूल सलग तीन दिवस गैरहजर राहिलं की केंद्रप्रमुखांना आपोआप संदेश जायचा आणि त्यांनी घर गाठायचं.

मोगीचा संदेश शीलाला कधीच आला नव्हता.

"हे बघा," हेमकांत म्हणाले. "आज दहा चाळीसला मोगी हजर."

"मग वर्गात दाखवा."

हेमकांतांनी टॅब्लेट मागे घेतला.

शीला सरळ सातवीच्या वर्गात गेली. "मोगी कधीपासून येत नाही गं?"

पहिल्या बाकावरची पोर चटकन बोलली, "पंधरा दिवस व्हयनात, बाई."

बाहेर येऊन शीलाने हेमकांतकडे नुसतं पाहिलं.

"मला वाटलं, आईकडे फडावर गेली असेल," ते पुटपुटले. "यंत्र हजर दाखवत होतं. शाळेची हजेरी शंभर टक्के चालली होती. मी... खोलात गेलो नाही."

"हजेरी कोण घेतं?"

"मीच. बाहेर असलो की स्वप्नालीबाई. आणि आमचे बन्सीलाल आप्पा रोज मदतीला."

बन्सीलाल आप्पा शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. गावात केळीची मोठी बाग. हजेरी योजनेच्या उद्घाटनाला मुलांचे फोटोही त्यांनीच आपल्या फोनवर काढले होते. ते खुर्ची आणून आधीच ओट्यावर बसले होते.

"ताई, आठे नेट कोठे शे?" ते हसून म्हणाले. "मन्हा फोन टॅबजोडे ठेवस, तवय हजेरी जास. गावन्या पोरी शिकाले पाह्यजेत ना!" त्यांच्या फोनच्या नेटवरूनच शाळेची हजेरी जात होती.

शीलाने टॅब्लेटमध्ये मागची हजेरी उघडली. गाडी आली त्यानंतर शाळेचे चौदा दिवस. मोगी तेरा दिवस हजर. गैरहजर एकच दिवस, वीस तारीख.

प्रत्येक हजेरीसोबत फोटो होता. इतर मुलं रोज वेगळी दिसत होती. कुणी जांभई देतोय, कुणाचे केस ओले. मोगी मात्र तेराही दिवस तशीच. तीच लाल रिबीन, तेच अर्धं हसू.

धनुबाई टॅब्लेटवर वाकली. तिने बोटाने लेकीचा गाल पुसला. मग पुन्हा पुसला.

"हा ओरखडा कशाचा? कुणी मारलं तिला?"

डोळ्याखालून हनुवटीपर्यंत एक बारीक तिरपी रेघ होती. तेराही फोटोंत, तेवढीच.

शीलाने तेराही फोटो पुन्हा एकदा चाळले. तिने आवाज चढू दिला नाही.

"सर, या चौदा दिवसांत तुम्ही रजेवर होतात?"

"रजा नाही. तीन दिवस नंदुरबारला प्रशिक्षण होतं. दहा ते बारा."

त्या तिन्ही दिवशी मोगी हजर होती.

"बाई, तुम्ही?"

"सतरा-अठराला ताप होता मला."

त्या दोन्ही दिवशीही मोगी हजर.

"आणि वीस तारखेला?"

"दोघंही होतो," स्वप्नाली म्हणाली. "मला चांगलं आठवतंय. नेटच नव्हतं. हजेरी पाठवायला मी टॅब घेऊन टेकाडावर चढले होते."

शीला बन्सीलालकडे वळली. "आप्पा, मलाही जरा नेट हवंय. तुमचा फोन देता? तुम्ही तर रोज असता म्हणून बरं."

"रोज म्हंजे रोज!" आप्पांनी फोन पुढे केला. "एकच दिन नही उनू. पोरगीकडे सुरतले गयथू. नातू व्हयना ना!"

फोनच्या काचेला तडा गेलेला होता. कोपऱ्यातून निघालेला, तिरपा.

शीलाने तो फोन टॅब्लेटसमोर उभा धरला आणि टॅब्लेटवर त्याचा फोटो काढला. मग तो फोटो मोगीच्या फोटोशेजारी ठेवला. रेघ तीच, तिरकेपणाही तोच.

"हा ओरखडा गालावर नाही, धनुबाई," ती म्हणाली. "काचेवर आहे."

स्वप्नालीने वाकून दोन्ही फोटो पाहिले.

"योजनेच्या उद्घाटनाला आप्पांनी सगळ्या मुलांचे फोटो काढले होते. मोगीचा फोटो फोनमध्ये तयार होता. रोज फोन टॅबजवळ ठेवायचा, मुलांची रांग संपली की पडद्यावर मोगी आणायची. यंत्राला चेहरा दिसला की पुरे. सर नव्हते तेव्हा मोगी हजर, बाई नव्हत्या तेव्हाही हजर. ज्या दिवशी आप्पांचा फोन इथे नव्हता, त्या एकाच दिवशी ती गैरहजर. नेट नव्हतं आणि मोगीही नव्हती."

"पन मी कसाले करसू असं?" आप्पा उठले.

"कारण तीन दिवसांत मला संदेश येतो, हे तुम्हाला माहीत होतं. समितीच्या बैठकीत मीच ते समजावून सांगितलं होतं. तुम्ही पुढच्या रांगेत बसला होता." शीलाने त्यांचा फोन मुठीत धरला. "तुमची लेक बाळंतीण. सुरतेत घरात हाताशी पोर हवी. धनुबाई फडावर, म्हातारीला दिसत नाही. बाईंचं नाव सांगितलं की पोर गाडीत बसणार. आई परतेपर्यंत कोण विचारतंय!"

"कसावरथून सांगतस?"

"मी फक्त अंदाज सांगितला. फोनमधले फोटो पोलीस बघतील. निघतानाच मी त्यांना कळवलं होतं; शहाद्याहून गाडी निघाली आहे. तोवर फोन माझ्याकडेच राहील. तुमच्या लेकीचा पत्ता तुम्ही सांगता, की त्यांनी काढायचा?"

आप्पा हळूहळू खाली बसले. 

"पोर सुखमा शे, ताई. दोन टाईम पोटभर जेवस. इथं काय व्हतं तिले?"

धनुबाई लंगडत त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. ती मारणार असं स्वप्नालीला वाटलं. तिने मारलं नाही.

"इथं मन्ही पोरनी शाळा व्हती," ती म्हणाली.

आप्पांनी पत्ता सांगितला.

हेमकांत कोपऱ्यात मान खाली घालून उभे होते. "मॅडम, माझ्याबद्दल अहवालात काय लिहाल?"

"जे झालं ते. वर्गात बाक रिकामा दिसत होता आणि तुम्ही पडद्याकडे बघत राहिलात."

संध्याकाळी सहाला शीला आणि धनुबाई पोलिसांबरोबर सुरतेतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर पोचल्या. दार मोगीनेच उघडलं. हात साबणाने पांढरे पडलेले, कडेवर नुकतं झोपलेलं बाळ.

आईला पाहून ती पुढे झेपावलीच होती. पण बाळ जागं होऊ नये म्हणून ती आधी आत गेली. त्याला पाळण्यात ठेवलं, दुपटं नीट केलं.

मग धावत आली.