झटकलेली धूळ

गाळपेटी क्रमांक एकोणतीस पाचव्यांदा परत बसलेली दिसली, तेव्हा ऋचा टाकसाळेने हातातला चहा तसाच टेबलावर ठेवला.

पेटी तिच्यासमोर नव्हती. ती चंद्रावर होती. साताऱ्याबाहेरच्या माळावरच्या या प्रयोगशाळेत तिचा फक्त क्रमांक आणि आतल्या धुळीचं वजन येत असे. चांद्रतळावर सात माणसं राहत होती आणि त्यांच्या घरातली धूळ ओढायला एक यंत्र होतं. कागदोपत्री त्याचं नाव ‘निर्वात संमार्जक’. हे नाव ठरवायला तीन बैठका आणि दोन भाषातज्ज्ञ खर्ची पडले होते. तळावरची माणसं पहिल्या दिवसापासून त्याला झाडू म्हणत. या झाडूच्या पोटात बसणारी, काढता-घालता येणारी गाळपेटी ऋचाने चार वर्षं खपून बनवली होती. तळहाताएवढी पेटी, आत सात पदरी कापड, वर खिट्टीचं झाकण. पेटी ओढून काढली की झाकण आपोआप मिटायचं. दहा दिवसांत तीस ग्रॅम धूळ भरली की पेटी काढायची, कोठारात ठेवून द्यायची आणि नवी बसवायची. भरलेली पेटी पुन्हा बसवायचं कुणाला काही कारणच नव्हतं.

पण एकोणतीस क्रमांकाची पेटी तीस ग्रॅम भरून बाहेर गेली होती आणि तीन ग्रॅमची होऊन परत आली होती. तिच्यानंतर तीस क्रमांकाची. मग पुन्हा एकोणतीस. गेले तीन महिने या दोनच पेट्या आळीपाळीने भरत होत्या आणि रिकाम्या होत होत्या. नऊ वेळा झालं होतं हे. रोजचे आकडे बघायचं काम ऋचाचं नव्हतं. पुढच्या तळासाठी सुधारित पेटी आखायची म्हणून जुन्या पेटीचं कापड कसं टिकतंय, एवढंच ती बघायला बसली होती. ज्यांचं काम होतं त्यांनी पाहिलंही असेल. पण तीन महिन्यांपूर्वी सामानाचं यान उतरताना कोसळलं, त्यात नव्या तीस पेट्या गेल्या, आणि तरीही तळावर पेट्या पुरताहेत म्हटल्यावर कुणी खोलात शिरलं नाही. पुरतंय त्याला कशाला हात लावा, हा आपल्याकडचा जुना नियम आहे.

तिने तळाशी संपर्क जोडून मागितला. पडद्यावर आला तो तिचा धाकटा भाऊ. शौनक तळावर देखभालतज्ज्ञ होता, म्हणजे नळापासून झाडूपर्यंत जे बिघडेल ते त्याचं. तिकडून उत्तर यायला अडीच सेकंद लागत. त्या अडीच सेकंदांत माणसाचा चेहरा नुसता थांबून ऐकत असतो, आणि या वेळी ते तिला फार वाईट वाटलं.

पेट्या कोण रिकाम्या करतंय, असं तिने विचारलं. तो म्हणाला, मीच, आणखी कोण. झाकणाची खिट्टी उचकटायची, पिशवीत पेटी झटकायची, पिशवीचं तोंड बांधायचं.

“तूच म्हणालीस ना ताई, कापड वीस वेळा टिकेल म्हणून,” तो म्हणाला.

म्हणाली होती. यान कोसळलं त्या आठवड्यात त्याने घरगुती बोलण्याच्या वेळात विचारलं होतं की ही पेटी झटकून वापरली तर चालेल का. आणि तिला बरं वाटलं होतं. कोरेगावला त्यांच्या अण्णांची पिठाची गिरणी. गिरणीच्या तोंडाला कापडाची लांब बाही बांधलेली असे आणि संध्याकाळी ती झटकायचं काम या दोघांचं. पांढरीभुरकी होऊन दोघं घरी यायची आणि आई दारातच अडवायची. धूळ ही झटकायची वस्तू, हे गिरणीवाल्याच्या पोरांना शिकवावं लागत नाही. ऋचाने आपल्या कापडाचा अभिमान बाळगून उत्तर दिलं होतं, वीस वेळा झटक, काही होत नाही त्याला. कापडाला खरंच काही झालं नव्हतं.

तिने त्याला बांधून ठेवलेल्या पिशव्यांचं वजन करायला सांगितलं. प्रत्येक वेळी पेटीतून सत्तावीस ग्रॅम धूळ कमी झाली होती. पिशवीत भरत होती साडेसव्वीस. पहिल्या पिशवीत, दुसऱ्या पिशवीत, नऊही पिशव्यांत तेवढीच. उरलेला अर्धा ग्रॅम तळाच्या हवेत मापनयंत्रांना कधी दिसला नव्हता. धूळ नाहीशी होत नाही, ती जागा बदलते. हे वाक्य ऋचा नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवत असे.

“खोकला आहे का रे?”

अडीच सेकंद गेले.

“आहे थोडा. कोरडाच आहे.”

दुपारी बैठक बसली. मोहिमेचे प्रमुख वर्तक, वैद्यकीय विभागाच्या डॉ. बिल्किस मुकादम आणि ऋचा. शौनक पडद्यावर होता. वर्तकांना आधी हे सगळं पराचा कावळा वाटत होतं. अर्धा ग्रॅम म्हणजे चिमूटभर, त्यातलीही सगळी काही त्याच्या नाकात गेली नसेल, असं त्यांचं म्हणणं.

“दहावा भाग गेला तरी पुष्कळ आहे,” डॉ. मुकादम म्हणाल्या. “पृथ्वीवरची धूळ म्हातारी असते. वारा-पाण्याने घासून तिचे कोपरे गेलेले असतात. तिथे ना वारा ना पाणी. तिथला प्रत्येक कण म्हणजे आत्ता फुटलेली काच, आणि इतकी बारीक, की छातीत शेवटपर्यंत जाते. फुफ्फुस हीसुद्धा गाळणीच आहे, वर्तकसाहेब. फक्त ती काढून झटकता येत नाही.”

मग किती चालते, कुठवर धोका नाही, असं वर्तकांनी विचारलं. प्रशासनातल्या माणसाला आकडा लागतो.

“असा आकडाच नाही. एकदा झटकली तरी पुरे. कण रुततो तिथे वण पडतो, आणि नंतर धूळ आली नाही तरी तो वण आपला आपण वाढत राहतो. सावकाश वाढेल, दोन वर्षांनी नेईल, पाच वर्षांनी नेईल, पण नेईल. आणि वर आणखी धूळ पडत गेली, तर दोन-पाच वर्षांचे महिने होतील.”

पुढचा तासभर ते एकेक दार ठोठावत राहिले. बाहेर तर निर्वातच आहे, मग नळी बाहेर काढून धूळ उडवून का देत नाही? धुळीबरोबर हवा जाईल, आणि हवा मोजकी. बाहेर जाऊन झटकली तर? झटकलेली धूळ पोशाखालाच चिकटते, आणि बाहेरची आणखी घेऊन एका पेटीमागे चाळीस ग्रॅम धूळ आत येते. तीस टाकायला जाऊन चाळीस आणायची. मुखपट्ट्या? त्यांच्या रबराच्या कडा याच धुळीने दुसऱ्या महिन्यात खाऊन टाकल्या होत्या. बाहेरचा पोशाख चढवून आतच झटकली तर? त्या पोशाखावरच पेटीपेक्षा जास्त धूळ बसलेली. झाडूच बंद ठेवला तर? मग धूळ हवेत राहील आणि सातही जणांच्या छातीत जाईल. नवीन यान साडेतीन महिन्यांनी. तोवर पेटी आणखी दहा वेळा रिकामी करावी लागणार होती.

वर्तक म्हणाले की मग पाळ्या लावू, प्रत्येकाच्या वाट्याला एक-दोनदाच येईल. सगळ्यांना समान.

ऋचाला उत्तर दिसलं होतं. कुणाही गाळणीवाल्याला ते दिसलं असतं: एक गाळणी खराब झालीच आहे, तर दुसऱ्या सहा कशाला खराब करायच्या. भावाचा चेहरा समोर असताना हा हिशेब आपल्या डोक्यात आधी आला, याची तिला शरम वाटली आणि पुढे कायम वाटत राहिली.

शौनकच बोलला. “पाळ्या लावू नका साहेब. डॉक्टरबाई म्हणतात त्यावरून एकदा झटकलं तरी माणूस गेला. म्हणजे वाटून घेतलं तर सातही जण जातील. माझं काय व्हायचं ते झालंय. माझ्याच हाताने होऊ दे.”

वर्तक टेबलाकडे बघत पुटपुटले की दगडापेक्षा वीट मऊ.

“त्या विटेची बहीण इथे बसलीय,” डॉ. मुकादम म्हणाल्या.

पण त्यांनाही पुढचं बोलावंच लागलं. त्यांच्या अंदाजाने शौनक अजून सहा वेळा झटकू शकला असता. सातव्या वेळेपर्यंत त्याला उभं राहायला श्वास पुरला नसता. म्हणजे शेवटच्या चार वेळांसाठी दुसरा माणूस लागणार होता, आणि त्याचं नाव आत्ताच ठरवलेलं बरं. पडद्यावर शौनकच्या मागे तळावरची एक वनस्पतितज्ज्ञ मुलगी पाणी प्यायला आली आणि गेली. तिला अजून काही माहीत नव्हतं.

ऋचाने नाव ठरवायला पाच दिवसांची मुदत मागून घेतली.

त्या पाच दिवसांत तिने एक पिशवी आखली. तळावर जे आहे त्यातूनच व्हायला हवी होती, म्हणून जेवणाच्या पाकिटांचं प्लास्टिक, त्याला दोन बाह्या, बाह्यांत हात घालायचे आणि पेटी आतल्या आत झटकायची. प्रयोगशाळेत काळ्या दगडाची पूड घेऊन तिने ती शंभरदा झटकून पाहिली. धुळीला विजेचा भार असतो, ती शिवणीतून वाट काढतेच. गळती थांबली नाही, पण निम्म्यावर आली. तिने आकडे डॉ. मुकादमांना दिले. त्यांनी गणित केलं आणि सांगितलं की आता तो दहाही वेळा पुरेल. पुरेल हाच शब्द त्यांनी वापरला. ऋचा प्रयोगशाळेच्या स्वच्छतागृहात गेली, नळ सोडला आणि रडली. भावाला वाचवायला नव्हे, तो मध्येच संपू नये म्हणून तिने आयुष्यातलं सगळ्यात चोख काम केलं होतं.

शौनकने पाकिटं कापून पिशवी शिवली आणि शिवण वाकडी आल्याबद्दल माफी मागितली. दर दहा दिवसांनी तो पेटी झटकायचा आणि झाल्यावर ताईला कळवायचा. सहाव्या वेळेनंतर तो बसून झटकू लागला. नवव्या वेळी त्याला मध्ये दोनदा थांबावं लागलं. दहावी त्याने एकट्याने पुरी केली. यान उतरलं. सहा जणांची फुफ्फुसं स्वच्छ निघाली, आणि बातम्यांत त्या सहा जणांचे हसरे चेहरे दिसले, ते योग्यच होतं.

शौनकला साताऱ्यात आणलं. चंद्रावर एक षष्ठांश वजनाच्या देहाला जो श्वास कसाबसा पुरत होता, तो इथे पलंगावर पडूनही पुरेना. अण्णा पहिल्या दिवशी गिरणीतून तसेच भेटायला आले. नर्सने त्यांच्या कपड्यांवरचं पीठ बघून त्यांना आत सोडलं नाही. ते परत कोरेगावला गेले, आंघोळ केली, धुतलेले कपडे घातले आणि शेवटच्या बसने पुन्हा आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गिरणी बंद केली. ती त्यांनी नंतर कधीच उघडली नाही.

ऋचा दुपारी येऊन बसे. एकदा तिने सुधारित पेटीचं रेखाटन आणलं. या पेटीला खिट्टी नव्हती. झाकण एकदा मिटलं की चारी बाजूंनी रिबिटं बसत. छिन्नी लावली तर कापडासकट पेटी फाटेल, पण उघडणार नाही. झटकायची गोष्टच संपली, कुणाला शक्यच होणार नाही, असं तिने त्याला सांगितलं. ते सांगताना तिला बऱ्याच महिन्यांनी हलकं वाटलं.

शौनकने रेखाटन बराच वेळ पाहिलं. नाकातली नळी सावरली.

“आणि यान पडलं तर?” त्याने विचारलं.

तिने रेखाटन स्वतःकडे ओढलं.

“पेट्या संपल्या. उघडता येत नाहीत. झाडू बंद.” प्रत्येक वाक्यानंतर तो थांबत होता. “मग सातही जण. झाकण उघडणारं ठेव, ताई.”

ती नाही म्हणाली. पुन्हा कुणाच्या हातात ते देणार नाही, मेले तरी देणार नाही, असं म्हणाली आणि रेखाटनाची गुंडाळी करून पिशवीत ठेवली. त्यावरून दोघांचं भांडण झालं. श्वास नसलेल्या माणसाशी भांडताना आपणच जिंकतो, हे तिला घरी गेल्यावर उमगलं. आठ दिवसांनी तो गेला.

त्यानंतर दोन महिने ती रिबिटांची पेटी तशीच आखत राहिली. यान वेळेवर आलं तर ती पेटी निर्दोष होती. यान आलं नाही तर काय, याचं गणित तिने निरनिराळ्या तऱ्हांनी मांडलं; माणसं वाढवून, कमी करून, कापड बदलून. बंद पेटीत प्रत्येक वेळी सगळे गेले. उघडणाऱ्या पेटीत प्रत्येक वेळी एक गेला. तिच्या मनाला वाटेल ते वाटो, गणित काही हलेना. एका सोमवारी सकाळी तिने रिबिटं खोडली आणि झाकणाला पुन्हा खिट्टी रेखाटली. हात थरथरत असला तरी उघडता यावी, म्हणून ती पहिल्यापेक्षा रुंद ठेवली.

पेटीच्या तळाला सूचनांची पट्टी असते. पेटी कशी काढावी, कशी बसवावी, अशा चार ओळी. ऋचाने पाचवी लिहिली: ‘पेटी शक्यतो झटकू नये. झटकावी लागल्यास दर वेळी त्याच एका माणसाने झटकावी.’

वर्तकांनी ती दोनदा वाचली. चष्मा काढून पुसला. आणि मग, माणूस वाईट नव्हता, त्यांनी हळू आवाजात विचारलं की खाली कारण छापायला नको का, तिथल्या माणसांना कळायला हवं.

ऋचा नको म्हणाली. कारण वाचलं तर पहिला हात कुणीच लावणार नाही, असं ती म्हणाली आणि तिने रेखाटनावर सही केली.