कुमुदिनीताईंची डिरेक्टरी

एकोणनव्वद सालचा मे महिना. इंदूरच्या एका जुन्या प्रसूतिगृहातला संगणक दिवाकर सांभाळायचा. त्या दुपारी जेवण उरकून तो सवयीने मशीनसमोर बसला. डिस्कवर जागा किती उरलीय ते पाहायचं, एवढंच काम. बाहेर लूचे गरम झोत सुटले होते. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास खोलीत दाटला होता. त्याने 'डी यू' टाइप केलं. कोणाच्या डिरेक्टरीने किती जागा खाल्लीय ते आकडे एकाखाली एक उमटू लागले.

त्यात एक ओळ नोंदी ठेवणाऱ्या कुमुदिनीताईंची होती.

ताईंना देवाघरी जाऊन महिना झाला होता. आणि ती डिरेक्टरी तर फेब्रुवारीत त्यानेच पुसली होती. डिस्क भरत आली म्हणून, आणि आधी टेपवर उतरवायचा कंटाळा केला म्हणून. दीड वर्ष खपून ताईंनी रजिस्टरांतल्या बाळंतिणींच्या नोंदी त्यात चढवल्या होत्या. प्रसूतिगृहाचे व्यवस्थापक जयसिंगरावसाहेबांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "ताईंच्याच हातून काहीतरी दबलं असेल, सर."

चारचौघांत ताईंना बोलणी बसली. त्यांनी एकदा दिवाकरकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि पहिलं रजिस्टर पुन्हा उघडलं. एप्रिलमध्ये त्या खुर्चीतच गेल्या, तेव्हा तिसरं चालू होतं. त्यांची नव्याने केलेली अर्धवट डिरेक्टरीही मग साहेबांच्या सांगण्यावरून काढून टाकली होती.

त्याने पुन्हा पाहिलं. आकडा वाढला होता. आणखी थोडा. एका बोटाने, न चुकता, ताई टाइप करायच्या त्याच चालीने. साडेतीनला चहा आला तसा आकडा थांबला. कप गेले... आणि पुन्हा सरकू लागला.

त्याला भीती वाटलीच. पण त्याहून जास्त, कोणी आपले कपडे उतरवावेत तशी लाज वाटली. तो उठून साहेबांच्या टेबलाशी गेला.

"सर... ते ताईंनी पुसलं नव्हतं."

"फिर?"

"मी पुसलं होतं."

शेजारच्या टेबलावर शालिनीचं पेन थांबलं. ती ताईंच्या शेजारी बसायची आणि दिवाकरला इंदुरी चालीने भाऊ, 'भिया' म्हणायची. "आणि आज सांगताय, भिया?" ती हळूच म्हणाली. "त्या गेल्यावर?"

दिवाकरने मशीनकडे बोट केलं. "ताईंची डिरेक्टरी परत आलीय, सर."

साहेब उठून मशीनपाशी आले. डिरेक्टरी उघडली. बावीसच्या बावीस रजिस्टरं आत होती. चौथ्यापासूनची तर फेब्रुवारीनंतर कपाटातून निघालीच नव्हती. शालिनीने बाविसावं आणलं. बांधलेल्या कापडावर धुळीचा थर, दोरीची गाठ जुनी, आवळलेली. कात्रीनेच कापावी लागली. पहिलं पान, मधलं, शेवटचं. आईचं नाव, तारीख-वार, बाळाचं वजन... एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं.

"झालं ताईंचं काम," शालिनी डोळे टिपत म्हणाली.

दिवाकरने शेवटचं म्हणून 'डी यू' मारलं. थोडं थांबून पुन्हा एकदा.

आकडा अजून वाढत होता.

"रजिस्टरं तो खतम हो गई..." साहेब कुजबुजले. "मग आता कोणाची नावं चढतायत?"

तेविसावं रजिस्टर अजून कोणी लिहिलंच नव्हतं, आणि ती पुढची फाइल उघडायला तिघांपैकी कोणीच हात पुढे केला नाही.