ज्याची त्याची आवड

“हिचे हात माझ्या कापडाला नकोत!”

शिवणकामाच्या त्या दुकानात कोट शिवायला आलेली बाई कडाडली. माप घ्यायला मधल्या पडद्याआडून पुढे झालेली ताई जागीच थिजली... बोटांवरचे पांढरे डाग तिने नकळत मुठीत लपवले. धाकट्या भावाने मान खाली घालून नेहमीचेच शब्द पुटपुटले, “ताई, तू आत जा.”

आत! वडील गेले तेव्हा शाळा सोडून मशीनवर बसलेली ती, या भावाला सुईत दोरा ओवण्यापासून कोट बेतण्यापर्यंत सारं शिकवणारी ती, आणि अंगावर कोड उठल्यापासून आठ वर्षं त्या पडद्यामागे बसून, त्याच्या नावावर गाजलेला प्रत्येक कोट बेतणारीही तीच! भावाचं नाव होतंय ना, मग झालं, असं म्हणत तिने आजवर प्रत्येक अपमान गिळला होता. पण आज तिच्या अंतःकरणात काहीतरी ताठ उभं राहिलं.

उद्या येते म्हणून ती बाई गेली, तसा भाऊ आत आला.

“मनावर घेऊ नकोस गं. ज्याची त्याची आवड असते.”

“आवड?” तिने कात्री खाली ठेवली. “निळं नको, हिरवं हवं, ही आवड. माझी शिलाई हवी आणि मी नको, याला आवड म्हणतात होय रे? आणि ती बाई तर परकी... पण हा पडदा कुणी लावला?”

भावाची नजर पडद्याकडे गेली.

“उद्यापासून मी पुढे बसणार. चालत नसेल तर आत्ताच सांग. हातात कसब आहे, कुठेही मानाने जगेन!”

त्याचे डोळे भरून आले. “गिऱ्हाइकं तुटतील म्हणून भ्यालो, असंच स्वतःला सांगत आलो गं... पण खरं सांगू? मलाच लाज वाटत होती... तुझी!”

हुंदका आवरत तो स्टुलावर चढला आणि त्याने पडदा ओढून काढला.

दुसऱ्या दिवशी ती बाई आली, तेव्हा तो दारातच म्हणाला, “माप ताई घेईल. इथला प्रत्येक कोट तिनेच बेतलाय. तुमच्या अंगावरचासुद्धा!”

बाई चपापली, कोटाकडे पाहतच राहिली, मग कापड उचलून तरातरा चालती झाली. तिच्यामागोमाग माप द्यायला थांबलेल्या आणखी दोघी गेल्या. उरली एक शाळामास्तरीण.

“तीन गिऱ्हाइकं गेली रे,” ताई हळूच म्हणाली.

“जाऊ देत!” भाऊ इतक्या मोठ्याने म्हणाला की रस्त्यावरचे लोक वळून बघू लागले. “ताई जाणार नाही!”

तिचा ऊर अभिमानाने भरून आला... ओले डोळे पुसायलाही न थांबता ती मास्तरीणबाईंना म्हणाली,

“या, अशा उजेडात उभ्या राहा.”