चार घट्ट स्क्रू आणि एक ढिलं हेड

चारही स्क्रू घट्ट होते. गिरिजाने चावी लावून एकेक पुन्हा पिळून पाहिला. तसूभरही फिरेना. तरीही त्या स्क्रूंनी धरलेलं इंजिनाचं हेड (सिलिंडरवर बसणारं झाकण) बोटाने ढकललं की किंचित हलायचं. स्क्रू घट्ट आणि झाकण ढिलं! असं कसं होईल?

साल होतं २०५८. कोल्हापुरातली झाडून सगळी वाहनं आता विजेवर धावत होती. पण शेजारच्या इंगवले आजोबांकडे हातभर लांबीची, रेडिओने चालवायची एक जुनी गाडी होती. तिचं लिंबाएवढं इंजिन नायट्रोवर (मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांच्या मिश्रणावर) चालायचं. तरुणपणी आजोबांनी त्या गाडीवर कितीतरी शर्यती मारल्या होत्या. पण दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात त्यांचं ऐकेनासा झाला. आज चार वाजता जुन्या गाड्यांचा मेळावा होता. त्यासाठी इंजिन उघडून साफ करायचं काम त्यांनी परवा मोठ्या विश्वासाने अकरा वर्षांच्या गिरिजावर सोपवलं होतं.

आणि आता इंजिन सुरूच होत नव्हतं. ते सुरू करायची दोरी ओढून ओढून तिचा खांदा भरून आला. हेडच्या सांध्यातून तेवढे तेलकट बुडबुडे येत होते.

शेवटी तिने गाडी उचलली आणि उद्यमनगरातलं सार्वजनिक वर्कशॉप गाठलं. तिथला यंत्रमानव सगळ्यांच्या ओळखीचा होता. मुलं त्याला खटपट्या म्हणत. त्याने आपलं भिंग इंजिनावर नेलं.

"हे चारही स्क्रू नवेकोरे आहेत. जुने का बदललेस?"

गिरिजाचे डोळे भरून आले. "घरातल्या खणात एक सहाकोनी चावी मिळाली. स्क्रूत बसली, थोडीशी खुळखुळत होती. मी जोर लावला, तर कर्र झालं आणि एका स्क्रूचं सहाकोनी भोक गोलच झालं. पकडीने काढला कसाबसा. आजोबांना कळू नये, म्हणून चारही नवे बसवले. एकसारखे दिसावेत ना."

खटपट्या रागावला नाही. त्याने चावी मोजली. "ही इंचाच्या मापाची आहे, मिलिमीटरमध्ये साधारण दोन पूर्णांक अडतीस. स्क्रूचं भोक अडीचचं. फरक मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढा. पण नेमकी चावी भोकाच्या सपाट बाजूंना टेकते. लहान चावीचे नुसते कोपरे टेकतात. सगळा जोर त्या सहा टोकांवर येतो आणि भोकाच्या कडा झिजतात. बसते ती चावी आपली नव्हे. न खुळखुळता बसते ती आपली."

"पण नवे स्क्रू तर मी नेमक्या चावीने पिळले!"

"मग मला सांग, स्क्रू एखादी वस्तू धरून कसा ठेवतो?"

"आट्यांत अडकून."

"अर्धं बरोबर." खटपट्याने दोन वह्या एकावर एक ठेवून त्यांना रबर बँड ताणून लावला. "वह्या कशामुळे दाबल्या गेल्या?"

"रबर ताणलंय. ते आखडायला बघतंय."

"पोलादी स्क्रूचंही तेच. पिळताना तोही ताणला जातो, डोळ्याला दिसणार नाही इतकाच. मग तो आखडायला बघतो आणि त्याचं डोकं झाकणाला खाली दाबतं. हा झाला पकडदाब (दोन भागांना एकत्र दाबून ठेवणारा जोर)."

गिरिजा विचारात पडली. "मग माझे स्क्रू झाकणाला दाबतच नाहीत. म्हणजे ते दुसरीकडेच कुठेतरी अडलेत!"

तिने चारही स्क्रू काढून झाकण उचललं आणि खालच्या एका भोकात दातकोरणं घालून खोली मोजली. पावणेनऊ मिलिमीटर. झाकणाची कड तीन. एकूण पावणेबारा. मग स्क्रू मोजला. बारा!

"तळाला टेकतोय!" ती ओरडली. "टेकला की पुढे फिरत नाही, म्हणून घट्ट वाटतो. पण डोकं वरच राहतं!"

"पाव मिलिमीटर वर," खटपट्या म्हणाला. मग त्याने तिच्या खिशातले जुने स्क्रू मोजले. "हे चांगले तीन दहा मिलिमीटरचे आहेत, चौथा मी देतो. पण गिरिजा, आजोबांना सांगितलंस का?"

ते सगळ्यात अवघड होतं. ती गेली तेव्हा आजोबा अंगणात खुर्चीवर बसले होते. तिने मान खाली घालून सगळं सांगितलं.

"दोन दिवस तू फिरकली नाहीस," ते म्हणाले. "मला वाटलं, म्हाताऱ्याच्या खेळण्याचा कंटाळा आला पोरीला."

"नाही हो आजोबा! तुम्ही रागवाल म्हणून..."

"अगं येडे, मी डझनभर स्क्रूंची तोंडं घालवलीत. आण ते इंजिन इकडं."

गिरिजा स्क्रू बसवू लागली. आजोबांनी डावा हात तिच्या मनगटावर ठेवला. "शेजारचा नको, समोरासमोरचा घे. थोडा हा, थोडा तो. म्हंजे झाकण सगळीकडनं सारखं बसतं. बास, बास! थांब आता. अ‍ॅल्युमिनियमचे आटे मऊ असतात, जास्त पिळलंस तर तेच उपटून येतील."

तिने हेड ढकलून पाहिलं. जागचं हललं नाही.

मेळाव्यात दोरीच्या दुसऱ्याच ओढीला इंजिनाने तडतडाट केला. निळसर धूर निघाला. आजोबांनी रिमोट डाव्या हातात धरला आणि बोट वेगाच्या खटक्यावर ठेवलं. पण गाडी वळवायचं चाक उजव्या हाताचं होतं. ते नुसते बघत राहिले.

गिरिजाने पुढे होऊन चाक धरलं. "वेग तुमचा, वळण माझं."

गाडी सुसाट निघाली. पहिल्या वळणावर धडपडली, दुसऱ्यावर सावरली, आणि तिसऱ्यावर आजोबा लहान मुलासारखे ओरडले, "कड घे, पोरी, कड घे!"

घरी परतताना गिरिजा एकदम म्हणाली, "आजोबा, चंद्रावर दिवसा भाजतं नि रात्री गोठतं. धातू तर तापला की फुगतो, गार झाला की आखडतो. मग तिथल्या गाड्यांचे स्क्रू कधी जास्त ताणले जात असतील, कधी कमी?"

"असतील की. पण किती, ते मला ठाऊक नाही," आजोबा म्हणाले. "तू मोठी झालीस की मोज. आणि आधी मला सांग."